पावसाळ्यात बेट होणाऱ्या घरात विजेच्या तारेविना कसं राहावं

कोल्हापूरला समुद्र नाही, पण बेटं आहेत. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की जिल्ह्यातली कितीतरी गावं चारी बाजूंनी तुटतात. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीपाशी पाणी आलं की वरच्या वाड्यांचं शहराशी नातं संपलं. खाली कोकणात उतरणाऱ्या करूळ आणि भुईबावडा घाटांत दरड आली असेल तर तिकडूनही वाट बंद. आमचं घर अशाच एका वाडीच्या टोकाला, डोंगराच्या अंगाला आहे. विजेची तार तिथवर आलेली नाही आणि आम्हीही आता ती मागत नाही.

असं घर उभं करायचं तर पहिलं काम वहीत करायचं, दुकानात नाही. घरातलं प्रत्येक उपकरण, त्याचे वॅट आणि ते दिवसात किती वेळ चालतं हे लिहून काढा. आमचा हिशेब असा: ९ वॅटचे पाच बल्ब पाच तास म्हणजे २२५ वॅट-तास. कमी वीज खाणारा ३० वॅटचा बीएलडीसी पंखा आठ तास, २४०. मिक्सर दहा मिनिटं, ८३. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप वीस मिनिटं, १२५. तीन मोबाईल, ४५. एकूण ७१८. एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास, तेव्हा हे पाऊण युनिटाच्या आतच. गिझर, इस्त्री आणि इंडक्शन शेगडी या यादीत घालायचीच नाही. फ्रिज घातला की हिशेब जवळजवळ दुप्पट होतो. आम्ही घातला नाही. दूध रोज ताजं मिळतं आणि कोल्हापूरकराचं मटण घरी आलं की उरत नाही.

आता सोलर. इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात, आमचेही बुडाले. विक्रेत्याने सांगितलं, एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला चार युनिट देतं. खोटं नव्हतं, पण ते मार्च-एप्रिलचं गणित. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रात, गगनबावड्याकडे आठ-आठ दिवस धुकं आणि झड असते. तेव्हा त्याच पॅनेलकडून दिवसाला एक युनिटही मिळेल याची खात्री नाही. पहिल्या वर्षी चौथ्या रात्री आम्ही कंदिलावर आलो.

म्हणून बॅटरी ठरवताना सूर्य पाच दिवस दिसणारच नाही असं धरा. पाऊण युनिट गुणिले पाच, म्हणजे पावणेचार युनिट. ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ४.८ युनिटांची असते. तिच्यातलं ८० टक्के वापरायचं म्हटलं तरी ३.८४ मिळतात. साधी ट्युब्युलर, म्हणजे शिसं-आम्लाची, बॅटरी स्वस्त पडते, पण ती निम्म्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते, म्हणून तेवढ्याच विजेसाठी दुप्पट घ्यावी लागते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण १७ अंश कलतं ठेवा, कारण आपला अक्षांश तेवढाच आहे. स्टँड कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅल्व्हनाइज्ड करून घ्या आणि फाउंडेशन बोल्ट जरा जाडच सांगा. रेडिमेड हलका स्टँड इथल्या वाऱ्यात टिकत नाही. बॅटरी आणि इन्व्हर्टर भिंतीपासून वीतभर सुटे, जमिनीपासून दोन फूट उंच ठेवायचे. भिंतीला टेकवलेल्या इन्व्हर्टरमागे श्रावणापर्यंत बुरशीची लव चढते.

शहरात छतावर बसवतात ते ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला (विजेच्या सार्वजनिक तारेला) जोडलेलं, सोलर इथे घेऊ नका. ग्रिडची लाइट गेली की ते मुद्दाम बंद पडतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसेल. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही ग्रिडला जोडलेल्या सोलरलाच आहे, तेव्हा त्या आशेवर बजेट आखू नका. वळवाच्या विजांसाठी अर्थिंग मात्र नीट करा. जांभा उन्हाळ्यात कोरडाठाक होतो, म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरून मे महिन्यात त्यात अधूनमधून पाणी ओतायचं.

पाण्याचं कोडं गमतीचं आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या तालुक्यांत आपण राहतो आणि फेब्रुवारीनंतर झरे आटतात. मार्ग एकच, पावळीचं पाणी धरायचं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं पत्र्याचं छप्पर ६० चौरस मीटरचं आहे. १०० मिलिमीटरच्या एका दिवसात, गळती-उडती धरूनही, ४,८०० लिटर पाणी येतं. चार माणसं, माणशी ५० लिटर, फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस म्हणजे २४,००० लिटर. तेव्हा २५,००० लिटरची फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपलेली, टाकी बांधा. अशा पाच दिवसांत ती जवळजवळ भरते.

आम्ही चुकलो ते पन्हळीत. अरुंद पन्हळ लावली आणि पहिल्याच जोराच्या सरीत पाणी तिच्यावरून उडी मारून थेट अंगणात. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ करा आणि खाली उतरायला चार इंची पाइप द्या. पन्हळीला टाकीच्या बाजूला उतार द्या, नाहीतर मध्ये पाला साचतो. मृगाचे पहिले पाऊस टाकीत घ्यायचे नाहीत, पाइप बाजूला वळवून छप्पर धुऊन जाऊ द्यायचं. मग खडी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून पाणी आत सोडा. टाकीत उजेड गेला की शेवाळ धरतं आणि जाळी नसेल तर डास होतात. १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबा. पिण्याचं पाणी तरीही उकळा.

चुलीबद्दल शेजारचे मामा पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "पावनं, लाइट न्हाई म्हनून कुनी मरत न्हाई. पन जळान भिजलं की चुलीसंगट मानूसबी इझतो." दोन सिलिंडर असतातच, पण रस्ता बंद झाल्यावर तिसरा कुठून आणणार? जळण आणि शेणी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला माळ्यावर चढवा. खाली ठेवायच्या तर फळीवर आणि भिंतीपासून सुट्या. चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबर गॅस उत्तम, त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. थंडीत गॅस कमी येतो, तेव्हा चूल मोडू नका.

बेगमी तीन आठवड्यांची ठेवा. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून तांदूळ, डाळी, तेल, गूळ आणायचं. चटणी घरची असतेच. मीठ मात्र बरणीत, पुडीतलं मीठ आठवड्यात पाणी होतं. काड्यापेट्याही बरणीतच.

संडासाला दोन शोषखड्डे, आलटून पालटून वापरायचे, झऱ्यापासून आणि टाकीपासून खालच्या अंगाला. एवढं पुरे.

टॉवरची बॅटरी उतरली की मोबाईल म्हणजे नुसती विजेरी. सेलवर चालणारा रेडिओ ठेवा, आकाशवाणी कोल्हापूरवरून बंधाऱ्याची पातळी कळते. साप चावला तर १०८ ला फोन लागेलच असं नाही आणि सीपीआर रुग्णालयापर्यंत रस्ता असेलच असंही नाही. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या सरकारी दवाखान्यात आहे का, हे जूनच्या आत स्वतः जाऊन विचारून या. घरात गरोदर बाई किंवा डायलिसिसचा पेशंट असेल तर पुराच्या दिवसांत त्यांनी शहरातच राहावं. यात शूरपणा नको.

शेवटचं काम मे महिन्यात करायचं. पॅनेलवर ताडपत्री टाका, दुचाकीची किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि पाच दिवस घरात काढा. पहिल्या तालमीत आमची बॅटरी पुरली, पाणी पुरलं. तिसऱ्या दिवशी वीज वाचवायला पंप बंद ठेवला आणि टाकीवरच्या हातपंपाचा दीड इंची चामडी वॉशर फाटला. मग दोरी-बादली. आता तसे दोन वॉशर तेलात भिजवून डबीत ठेवलेले असतात आणि पाना खिडकीच्या गजाला बांधलेला असतो.