फळांतील रस शोषणारा पतंग कोणता? फोटोवरून ओळखण्याची पद्धत

विदर्भातील संत्र्याच्या आणि मराठवाड्यातील मोसंबीच्या बागांत आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्याची) फळे पिकू लागली की रात्री त्यांवर मोठे, जाडजूड पतंग येतात आणि टोकदार सोंडेने साल भेदून रस शोषतात. त्यांपैकी युडोसिमा मटेर्ना आणि युडोसिमा फॅलोनिया या दोन प्रजातींची फोटोंमध्ये वारंवार गल्लत होते.

याचे कारण त्यांच्या बसण्यात आहे. विसावलेल्या पतंगाचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे दिसतात आणि मागचे पंख पूर्ण झाकून टाकतात; शिवाय एकाच प्रजातीतील नर आणि मादी यांच्या पुढच्या पंखांवरील नक्षीतही फरक असतो. म्हणून केवळ पुढच्या पंखांच्या फोटोवरून प्रजातीचे नाव देण्याची घाई करू नये. पतंग फळावर रस शोषत असताना किंवा उडण्याच्या बेतात असताना पंख थोडे उघडतात, त्या क्षणी लागोपाठ अनेक फोटो घ्यावेत.

मागचा पंख दिसला की रंगापेक्षा आकाराकडे पाहावे, कारण फ्लॅशच्या उजेडात नारिंगी आणि पिवळा यांतील फरक भरवशाचा राहत नाही. दोन्ही प्रजातींत मागचा पंख नारिंगी-पिवळा आणि कडेला काळा पट्टा असलेला असतो. पंखाच्या मध्यभागी सुटा, गोलसर काळा ठिपका असेल तर ती मटेर्ना होय. त्याऐवजी स्वल्पविरामासारखा वाकलेला, जाड काळा डाग असेल तर फॅलोनियाची शक्यता अधिक. येथे मात्र थांबून विचार करावा, कारण भारतातच आढळणाऱ्या युडोसिमा होमिना या प्रजातीतही तसाच वाकडा डाग असतो. अशा वेळी, किंवा खवले झडून नक्षी पुसट झाली असल्यास, नोंद ‘युडोसिमा’ या प्रजातीसमूहापर्यंतच ठेवावी. अर्धवट पण खरी नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी उपयोगी असते.

फोटोसोबत तारीख, गाव आणि फळाचे नाव लिहावे. बागेच्या कुंपणावर गुळवेल किंवा वासनवेल असल्यास तेही नोंदवावे, कारण या पतंगांच्या अळ्या त्याच कुळातील वेलींवर वाढतात. जुने कृषी साहित्य चाळताना फॅलोनिया ‘ऑथ्रिस फुलोनिया’ या नावाने, तर मटेर्ना ‘ऑथ्रिस मटेर्ना’ या नावाने शोधावी. तेथे त्यांचे कुळ नॉक्टुइडी दिलेले असते, आता ते इरेबिडी मानले जाते.