बेल वाजली की उसळणाऱ्या कुत्र्याला शांत राहायला कसे शिकवावे

दाराची बेल वाजताच भुंकत धावणारा आणि पाहुण्याच्या छातीवर पुढचे पाय टेकवणारा कुत्रा बहुधा आक्रमक नसतो. बेलमागोमाग माणूस येतो आणि माणूस आला की आपले लाड होतात, एवढे त्याने अचूक हेरलेले असते. त्याला ओरडून दोन्ही हातांनी ढकलणे हासुद्धा त्याच्या लेखी खेळच ठरतो. सहा महिने ते दोन वर्षे या वयातील लॅब्रेडॉरमध्ये हा प्रकार विशेष दिसतो, मात्र वय वाढले की तो आपोआप जाईल या भरवशावर राहू नये.

शिकवणीची सुरुवात घरात काहीही घडत नसताना करावी. दार दिसेल, पण दारापासून दूर असेल अशा जागी जाड सतरंजीची घडी अंथरावी आणि कुत्र्याने आपणहून तिच्यावर पाय ठेवला की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच्या पुढच्या पायांमध्ये सतरंजीवरच ठेवावा. हातातून भरवल्यास तो हाताकडे झेपावतो. तुकडा खाली असला की मान खाली जाते आणि हळूहळू अंगही टेकते. पुढे नुसते बसण्याला नव्हे, तर कोपर टेकवून एका कुशीवर रेलण्याला आणि सैल पडलेल्या शेपटीला खाऊ द्यावा. (कांदा-लसूण घातलेला रस्सा कितीही आवडला तरी देऊ नये, हे दोन्ही पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत.)

हे अंगवळणी पडल्यावर बेलचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून अगदी हळू वाजवावा आणि आवाजापाठोपाठ लगेच सतरंजीवर तुकडा ठेवावा. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवलेले तत्त्वच येथे कामी येते: एखाद्या खुणेमागून नेहमी जे येते, त्याचीच तयारी कुत्र्याचे शरीर करू लागते. कुत्रा उठून धावला, तर आवाज फार लवकर वाढवला असे समजून एक पायरी मागे यावे.

खरा पाहुणा येईल तेव्हा कुत्र्याला पट्ट्याने धरून ठेवावे आणि चारही पाय जमिनीवर असतील तोवरच पाहुण्याने त्याच्याशी बोलावे. उडी मारताच पाठ फिरवावी. सुरुवातीचे काही दिवस उड्या उलट वाढतात, कारण आजवर चाललेली युक्ती चालेनाशी झाल्यावर तो तीच अधिक जोराने करून पाहतो. नेमक्या याच काळात घरातले कोणीतरी "असू दे, लहान आहे" म्हणून त्याला कुरवाळते आणि केलेली मेहनत वाया जाते, म्हणून नियम आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सर्वांना आधीच सांगून ठेवावा. पाहुणे यायच्या आधी कुत्र्याला चेंडूमागे पळवून दमवण्यापेक्षा, सैल पट्ट्यावर मनसोक्त हुंगत फिरू देणे अधिक उपयोगी पडते.

मात्र पाहुणा दिसताच अंग ताठ होणे, गुरगुरणे, किंवा एरवी शांत असलेल्या कुत्र्याचे वागणे अचानक बदलणे ही उत्साहाची लक्षणे नव्हेत. अशा वेळी सराव थांबवून आधी पशुवैद्याकडून दुखणे तपासून घ्यावे.