आधी शब्द कळू देत: हॉलमधल्या रिसीव्हरची सेटिंग

होम थिएटर घेतलेल्या बहुतेक घरांत मला एकच तक्रार ऐकू येते. पडद्यावर गाडी उडाली की खिडकीच्या काचा थरथरतात, आणि नायिका हळू काही बोलली की सगळे एकमेकांकडे बघतात, "काय म्हणाली?" मग रिमोट हातातच. संवादाला आवाज वाढवायचा, मारामारी आली की घाईघाईने कमी करायचा. मी अंधेरीला एका डबिंग स्टुडिओत काम करते. प्रत्येक शब्द कानाला नीट लागतोय की नाही, हे बघणं हेच माझं दिवसभराचं काम. त्यामुळे कुणाकडेही रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा, लावायला बसले की मी संवादापासूनच सुरुवात करते. संवाद स्वच्छ झाला की बास (खालचा, जड आवाज) आणि सराउंड (बाजूचे-मागचे स्पीकर) जागेवर आणायला वेळ लागत नाही.

मेन्यू उघडायच्या आधी टीव्ही बघून घ्या. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर (साधा, न दाबलेला आवाज) असेल, तर एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या, केबलमधून सहसा डावा-उजवा असे दोनच चॅनल येतात आणि मधल्या, म्हणजे सेंटर, स्पीकरला त्याचा स्वतःचा ट्रॅक मिळतच नाही. तिथे 'पासथ्रू' किंवा 'ऑटो' निवडा, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बीचं नाव येतंय का बघा. मागे वायरींचा लाल-काळा जुळवा. पुढच्या दोनपैकी एक वायर उलटी लागली तर बास पातळ होतो आणि मधोमध यायचा आवाज पसरतो.

सेंटर स्पीकर मात्र सावकाश बघा. चित्रपटातला बहुतेक संवाद या एकाच डब्यातून येतो आणि आपल्याकडे नेमका तोच टीव्ही युनिटच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे सरकवलेला असतो. आत राहिला की मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो. त्याला कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा. कप्पा गुडघ्याच्या उंचीवर असेल तर पुढच्या बाजूला खाली रबराचे दोन तुकडे घालून त्याचं तोंड सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाकडे करा. एवढ्यानेच 'स' आणि 'श', 'त' आणि 'ट' वेगवेगळे कळायला लागतात, कारण व्यंजनांची धार वरच्या फ्रिक्वेन्सीत असते, साधारण 2000 हर्ट्झच्या पुढे, आणि हे आवाज स्पीकरचं तोंड जिकडे असेल तिकडेच जास्त जातात.

आता रिसीव्हरसोबत आलेला मोजणीचा माइक काढा. या मोजणीच्या सोयीला डेनॉन-मॅरँट्झमध्ये ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी. नावं वेगळी, काम तेच. प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडून रिसीव्हर त्याचं अंतर, लेव्हल आणि खोलीचा परिणाम मोजतो. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, उशीवर तर अजिबात नको. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घ्या आणि माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणा. ऑडिसीत माइक एकेका जागी ठेवून मोजायचं असतं, पण अंतर आणि लेव्हल पहिल्या जागेवरूनच ठरतात, म्हणून पहिली जागा घरात जो रोज बघतो त्याची. आमच्याकडे ती सासूबाईंची. बाकीच्या जागा तिथून दीड-दोन फुटांच्या आत ठेवा.

मुंबईत खरी अडचण शांततेची. पंखा, एसी बंद हवेत, खिडक्या लावलेल्या हव्यात. आम्ही मुलुंडला रुळांच्या जवळ राहतो. लोकल गेली की मी थांबते, पुढची यायच्या आत एक जागा मोजून घेते. मोजणी चालू असताना शेजारी कुकरची शिटी झाली तर ती जागा पुन्हा मोजा. मशीनला शिटी कुठली आणि स्पीकर कुठला, हे कळत नाही.

मोजणी झाली म्हणजे काम झालं, असं समजू नका. निकाल उघडून बघा. पुढचे स्पीकर जरा मोठे असले की रिसीव्हर त्यांना 'लार्ज' ठरवून मोकळा होतो. सबवूफर (फक्त खालचा आवाज देणारा डबा) असेल तर सगळ्यांना 'स्मॉल' करा. लोकांना हे पटत नाही, महागाचे टॉवर स्पीकर 'स्मॉल' म्हणायचे म्हणजे अपमान वाटतो. पण इथे प्रश्न आकाराचा नाहीच. ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज सबवूफरकडे पाठवायचा की नाही, एवढंच हे सेटिंग सांगतं. ती रेषा म्हणजे क्रॉसओव्हर, आणि 80 हर्ट्झ हा टीएचएक्सचा (थिएटरच्या आवाजाचं एक मानक) आकडा बहुतेक बुकशेल्फ (कप्प्यात मावणाऱ्या) आणि टॉवर (जमिनीवर उभ्या) स्पीकरना चालतो. इतका खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही आणि रिसीव्हरवरचा भारही हलका होतो.

अगदी छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर 120 किंवा 150 ठेवावा लागतो. तिथे एक गोष्ट सांभाळा. पुरुषाच्या आवाजाची मूळ पट्टी साधारण 85 ते 155 हर्ट्झमध्ये असते. म्हणजे क्रॉसओव्हर 150 असेल तर नायकाच्या आवाजाचा तळ सबवूफरमधून येणार, आणि सबवूफर कोपऱ्यात चढ्या आवाजात असेल तर त्याचं प्रत्येक वाक्य घुमणार. अशा सेटमध्ये सबवूफर सेंटरच्या जितका जवळ तितका चांगला. ऑटो सेटअपने दिलेला क्रॉसओव्हर गरज पडली तर वाढवा, कमी करू नका. त्या आकड्याच्या खाली तो स्पीकर दमतो, असंच मोजणीत दिसलेलं असतं.

सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत वर फिरवून ठेवा, नाहीतर रिसीव्हर आणि सबवूफर दोघंही आवाज कापत बसतात. रिसीव्हरमधला एलएफईचा, म्हणजे चित्रपटातल्या खास बासच्या ट्रॅकचा, 120 हर्ट्झ तसाच राहू द्या. मोजणीत सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवलं तर दुरुस्त करू नका, त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो. लेव्हल अगदी उणे टोकाला गेली असेल तर सबवूफरचा नॉब कमी करून पुन्हा मोजा.

आपल्या हॉलची लांबी समजा पंधरा फूट. त्या लांबीत 37-38 हर्ट्झच्या आसपास एक घुमारा ठरलेलाच, आणि तो भिंतीला लागून सगळ्यात जास्त जाणवतो. आपले सोफे तर मागच्या भिंतीला चिकटलेलेच असतात. अर्धा फूट जरी पुढे ओढता आला तरी ओढा. सबवूफरसाठी जागा शोधायची तर तो थोडा वेळ सोफ्यावर ठेवून बासचा एखादा तुकडा लावा आणि आपण भिंतीच्या कडेने कान खाली नेऊन फिरा. जिथे बास भरीव पण घट्ट वाटेल, तिथे सबवूफर. फक्त ती शेजाऱ्यांच्या बेडरूमची सामाईक भिंत नको. चकचकीत टाइल्सवर टीव्ही आणि सोफ्याच्या मध्ये जाड गालिचा किंवा सतरंजी घाला, काचेच्या खिडकीवर जाड पडदा. वर सांगितलेली व्यंजनांची धार टाइल्सवरच्या परावर्तनाने बोथट होते आणि ती मेन्यूतून परत येत नाही.

यानंतर कान लावा. चित्रपट नको, आकाशवाणीच्या बातम्या लावा, डॉल्बी सराउंड मोडमध्ये. दोन्हीकडे सारखाच असलेला आवाज तो मोड सेंटरला आणतो. निवेदकाचा आवाज टीव्हीच्या मधोमध, माणूस समोर बसल्यासारखा यायला हवा. अजून दबलेला वाटला तर सेंटरची लेव्हल एक-दोन डेसिबल वाढवा. त्याहून जास्त लागत असेल तर दोष जागेत आहे, पुन्हा कप्प्याकडे जा. 'ऑल चॅनल स्टिरिओ'मध्ये शब्द पाठीमागूनही येतात, तो मोड लग्नाच्या व्हिडिओला ठीक. 'डायरेक्ट' मोडमध्ये खोलीची दुरुस्ती बऱ्याच मॉडेलांत बंद होते, हेही लक्षात असू द्या.

रात्रीचं वेगळं. थिएटरसाठी चित्रपट मिक्स होतो तो 85 डेसिबलच्या पायावर. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 ची आवाजाची कायद्यातली मर्यादा 45 डेसिबल आहे. एवढ्या खाली आणल्यावर कुजबुज हरवणारच, त्यात तुमच्या सिस्टिमचा दोष नाही. नाइट मोड किंवा डायनॅमिक व्हॉल्यूम चालू करा, म्हणजे मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. ऑडिसीचा डायनॅमिक ईक्यू (कमी आवाजात बास आणि मागचे स्पीकर वाढवणारी सोय) ठेवत असाल तर मालिका आणि बातम्यांना रेफरन्स लेव्हल ऑफसेट (ही वाढ कमी करणारा आकडा) 10 किंवा 15 करा, नाहीतर कमी आवाजातही बास आणि मागचे स्पीकर संवादावर चढतात.

सगळं मनासारखं झालं की मेन्यूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि स्पीकर, सबवूफर, सोफ्याचे पाय, सगळ्यांच्या जागा जमिनीवर कागदी टेपने खुणा करून घ्या. गणपतीत मखरासाठी हॉल रिकामा होतो तेव्हा हे सगळं हलतंच. विसर्जनानंतर सामान खुणांवर परत ठेवलं की पुन्हा मोजायला बसावं लागत नाही, फक्त टेस्ट टोन लावून सेंटरची लेव्हल तपासायची.