सीटी एन्टेरोग्राफीला जाण्याआधी

माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सूज येत राहण्याचा जुनाट आजार. त्याच्यासोबत नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या फेऱ्या मारताना एक गोष्ट पक्की कळली. सीटी एन्टेरोग्राफीत, म्हणजे छोट्या आतड्याच्या सीटी स्कॅनमध्ये, मशीनवर जेमतेम काही मिनिटं जातात. सगळी मेहनत त्याआधीच्या तासाभराची, बाहेर खुर्चीवर बसून द्रावण पिण्याची. तयारी त्याच हिशेबाने करा.

अपॉइंटमेंट घेतानाच क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट चालते का हे सांगणारी रक्ताची तपासणी लागेल का ते विचारा आणि रिपोर्ट सोबत ठेवा. शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून द्यायचं औषध देतात, ते किडनीवाटे बाहेर पडतं. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी सुरू असेल, पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, दमा असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर तेही तेव्हाच सांगून टाका. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

फाइलकडे जास्त लक्ष द्या. कोलोनोस्कोपीची दुर्बीण मोठं आतडं पार करून छोट्या आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंतच पोहोचते, वरचा कित्येक फुटांचा भाग राहूनच जातो. तो सीटीत दिसतो, म्हणून कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचे रिपोर्ट रेडिओलॉजिस्टसमोर असायला हवेत. घरात कोणाला टीबी झाला होता का, तुम्ही स्वतः टीबीची औषधं घेतली होती का, हे कागदावर लिहून न्या. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांची गल्लत फार होते. दोन्ही बहुधा छोटं आणि मोठं आतडं जुळतं तिथेच ठाण मांडतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची नावंही लिहा. वेदनाशामक गोळ्यांनीही आतड्यात अल्सर होतात, आणि ही माहिती देणं लोक हमखास विसरतात.

त्या दिवशी साधारण 4 ते 6 तास उपाशी राहायला सांगतात. गोंदिया-भंडाऱ्याहून सकाळच्या गाडीने येणार असाल तर स्टेशनवर तर्री-पोहे नकोत, चहाही नको. साधं पाणी कधीपर्यंत चालेल ते मात्र नक्की विचारा. मे महिन्यातल्या नागपुरात कोरड्या घशाने निघणं बरं नाही. कपडे सैल, नाडीचे घाला. कमरेला चेन, बटण, पट्टा नको.

आता पिण्याचं. बहुधा मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घातलेलं पाणी असतं, गोडसर, सुमारे दीड लिटर, 45 ते 60 मिनिटांत संपवायचं. म्हणजे दर 8-10 मिनिटांनी एक ग्लास. पहिल्या वेळी भावाला तिसऱ्या ग्लासाला मळमळायला लागलं. उरलेलं त्याने तसंच ठेवलं आणि मीही आग्रह केला नाही. रिपोर्टमध्ये आलं, आतडी पुरेशी फुगलेली नाहीत. मिटलेल्या आतड्याची भिंत जाडच दिसते, मग ती सूज आहे की नुसती घडी, हे सांगता येत नाही. भरलेल्या आतड्याची भिंत 3 मिलिमीटरपेक्षा जाड दिसली, तर तिला अर्थ असतो. दुसऱ्या खेपेला मी मोबाईलवर गजर लावला, प्रत्येक ग्लास संपला की पुठ्ठ्यावर रेघ मारली. सहाव्या रेघेनंतर त्याला आत घेतलं. पोट फुगून उलट्या होत असतील, गॅसही सरत नसेल, तर मात्र प्यायला सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. आतडं अडलेलं असू शकतं.

आत सुई लागते. कॉन्ट्रास्ट गेलं की अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. होत काही नाही, पण आधी माहीत नसेल तर माणूस दचकून हलतो आणि चित्र बिघडतं. ‘श्वास रोखा’ म्हटल्यावर रोखायचा, एवढंच.

नंतर दोन-तीन वेळा पातळ शौचाला होतं. लगेच बस पकडू नका, जवळ कोणा नातेवाईकाकडे थांबा, भरपूर पाणी प्या. पेशंट तरुण असेल आणि तपासणी वारंवार लागणार असेल, तर पुढच्या वेळी एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे एमआरआयने होणारी हीच तपासणी, चालेल का हे डॉक्टरांना विचारा. त्यात किरणोत्सर्ग नसतो. आणि फिल्मसोबत सीडी मागून घ्या. आमच्या सीडीच्या पाकिटावर मी तारीख मार्करने लिहून ठेवते, पुढच्या ओपीडीत डॉक्टर आधी तीच मागतात.