मोहाखालचा जाळ कसा थांबवावा

फेब्रुवारी लागला की नागपुरात वणव्याचे सल्ले सुरू होतात: जंगलात बिडी टाकू नका, शेकोटी करू नका. बरोबरच आहे. पण देवलापारकडच्या जंगलात मी विझवलेले बहुतेक वणवे मोहाच्या झाडांखालून निघाले होते. फुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून वेचणारे बुंध्याभोवतीचा पाला पेटवतात. दुपारच्या वाऱ्यात तोच जाळ सागाच्या वाळक्या पानांवरून टेकडी चढतो. पाल्यातला कार्बन हवेत जातोच, शिवाय हातभर वाढलेली ऐन-बिजाची रोपं करपतात. पुढची शंभर वर्षं कार्बन धरून ठेवणारं जंगल तेच होतं. दरवर्षी जाळलेल्या मोहाखाली मोहाचं रोप शोधून पाहा, सापडणार नाही.

उपाय एकच: पाला जाळण्याऐवजी झाडून काढायचा. आधी झाड कुणाचं ते गावात विचारा. मोह घराघरांत वाटलेले असतात. वनरक्षकाला कळवा.

आता झाडणं. इथे मी दोन हंगाम चुकलो. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच दहा झाडांखालची जमीन लख्ख केली आणि घरी आलो. मोहाची पानगळ तेव्हा संपलेली नसते, सागाचा पाला वाऱ्याने येतो तो वेगळाच. मार्चमध्ये जाऊन पाहिलं तर पाला घोट्यापर्यंत. झाडाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "बाबू, फुलं उद्यापासून येचाची, पाला कोन झाडंन?" आणि काडी ओढली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. म्हणून कळ्या फुगल्या की झाडा, आणि फुलं गळत असेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी पुन्हा झाडा. एका दिवसाच्या श्रमदानाला इथे काही अर्थ नाही. दाताळ्याने फांद्यांच्या घेराबाहेर दोन पावलांपर्यंत माती उघडी करा. उगवलेली रोपं खरडू नका, त्यांच्याभोवती हाताने पाला काढा. ढीग बुंध्याशी लावू नका. खड्ड्यात घालून ओला करा. "ढीग तेवढा जाळू" म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, मी तसा पेटलेला ढीग सहा माणसांनिशी रात्रभर विझवला आहे.

झाडल्यावर हिरवी जाळी किंवा जुनी लुगडी झाडाखाली गुडघाभर उंचीवर आडवी बांधा. फुलं माती न लागता मिळतात, भाव बरा येतो, मग पुढच्या वर्षी जाळी लोक स्वतः मागतात.

वेचायला उजाडल्यावर, जोडीनेच जा. वाकलेल्या माणसावर वाघ येतो आणि अस्वलालाही मोह आवडतो.

धूर दिसलाच तर वनविभागाचा १९२६ हा नंबर लावा आणि कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर, सांगा. तो हद्दीच्या खांबावर रंगवलेला असतो.