हॅम क्लबात नवीन येताय? आधी ऐकायला बसा

पुण्यात हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी संदेश पाठवण्याचा छंद, शिकायचा म्हटलं की नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सेट कोणता घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे. सेट राहू दे, आधी क्लबात या. परवाना नसताना ट्रान्समीट करणं तर सोडाच, तसा सेट जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. तो दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन) शाखा देते, अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर भरायचा. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की परीक्षेला बसता येतं. रिस्ट्रिक्टेड श्रेणी घेतली तर कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची तुमची ओळख, व्हीयू३ने सुरू होतो, जनरल घेतली तर व्हीयू२ने. जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, यावा लागतो. बाकी रेडिओचं तंत्र आणि नियम एवढाच अभ्यासक्रम. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर अवघड काहीच नाही. मात्र परीक्षा होऊन परवाना हातात पडेपर्यंत बरेच महिने जाऊ शकतात, आणि खरं शिक्षण त्या महिन्यांत होतं. पुष्कळ जण नेमके तेव्हाच क्लबात यायचे थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं.

या काळात, क्लब जिथे निरोप पोचवायचं काम करतो तिथे, स्वयंसेवक म्हणून नोंदी लिहायला या. कात्रज-सिंहगड रात्रीच्या ट्रेकचंच घ्या. जुन्या बोगद्यापासून एकामागून एक टेकड्या चढत-उतरत लोक गडाकडे निघतात. माथ्यावर मोबाइलला रेंज असते, दोन टेकड्यांमधल्या खिंडीत उतरलं की जाते. आपला व्हीएचएफ लहरींवरचा हँडीही (हातात मावणारा सेट) नजरेच्या रेषेतच चालतो, डोंगर आडवा आला की तोही गप्प. म्हणून आमची माणसं माथ्यांवर बसतात. खिंडीतला निरोप वरचा माणूस घेतो, पुढच्या माथ्याला देतो आणि तो नेट कंट्रोलपर्यंत, म्हणजे सगळे निरोप सांभाळणाऱ्या मुख्य माणसापर्यंत, जातो. कंट्रोलशेजारी वही घेऊन बसायला परवाना लागत नाही. वेळ, कोणी कोणाला, काय सांगितलं, पोचल्याचं कळलं का: चार रकाने.

तिथे निरोप कसा दिला जातो ते कान देऊन ऐका. “कंट्रोल, तीन नंबर. निरोप आहे, ओव्हर.” “बोला तीन.” “छाती क्रमांक सहा, नऊ. उजवा पाय मुरगळलाय, शुद्धीवर आहे, चालता येत नाही. स्ट्रेचर हवं, ओव्हर.” कंट्रोल हे सगळं पुन्हा म्हणून दाखवतो आणि मगच वहीत लिहिलं जातं. आकडे सुटे का सांगायचे, ते खरखरीत एकदा ऐकलं की पटतं: एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी या तिघांतलं पहिलं ‘एकोण’ तेवढं ऐकू येतं. जखमी माणूस कोण आहे हे त्या पुढच्या अक्षरांवर ठरणार असतं. “बहुतेक”, “मला वाटतं” असे शब्द निरोपात नकोत. जे डोळ्यांनी दिसतंय तेवढंच.

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, आणि पुढे २००१मध्ये भूजलाही, हॅम मंडळींनी रेडिओवरून निरोप पोचवले होते. त्या वेळी उपयोगी पडते ती ही सवय. आणि ती लागते ती अशाच साध्या ट्रेकवर, सायकल स्पर्धेत, गर्दीच्या बंदोबस्तात. या कामाचे पैसे घ्यायचे नसतात. हौशी सेवेचा तो नियमच आहे आणि मला तो मनापासून आवडतो.

सगळंच गंभीर असतं असं नाही. तळजईच्या झाडीत लपवलेला छोटा ट्रान्समीटर हातातल्या यागी अँटेनाने (ही एकाच दिशेचं जास्त ऐकते) शोधायचा, हा खेळ शाळेतली मुलं मोठ्यांपेक्षा लवकर जिंकतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर कधीकधी चित्रं पाठवतं. रेडिओचा आवाज मोबाइलमधल्या ॲपला ऐकवला की पडद्यावर एकेक ओळ उमटत जाते. ते दहाएक मिनिटांत क्षितिजाखाली जातं, तोवर गच्चीत कोणी हलत नाही. आपल्या सीओईपी अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ला पीएसएलव्हीने अवकाशात गेला, तोही हॅम मंडळींना निरोप पाठवता यावेत म्हणून. अभियांत्रिकीला असाल तर हे डोक्यात ठेवा.

परवाना आला की पहिल्यांदा साधा हँडी घ्या आणि रोजच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या बैठकीत, हजेरी लावा. लांबच्या गावांशी बोलायचा महागडा एचएफ सेट त्यानंतर. अँटेना मात्र विकत आणू नका. एचएफमधल्या ४० मीटर बँडच्या डायपोलला (मधोमध जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाला) दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार लागते. तार आणि कनेक्टर तापकीर गल्लीत मिळतात, बाकी सटरफटर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात. तार कापताना वीतभर जास्त ठेवा, एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळली याचा आकडा) बघत थोडी थोडी छाटा. आणि गच्चीवर बांधण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना घरी बोलावून सेट ऐकवा. दुपारी कोल्हापूरचा किंवा बेंगळुरूचा माणूस स्पष्ट बोलताना ऐकला की परवानगी मिळणं सोपं जातं.