पात्यांना पाणी देण्यासाठी छोटी गॅसभट्टी: घरी कशी बांधावी

सुरी किंवा कोयता घडवायला लागणारी भट्टी आणि त्याला पाणी द्यायला, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करायला, लागणारी भट्टी यांच्या गरजा उलट असतात. घडाईला पिवळाधमक जाळ हवा. ११०० अंशांच्या पुढे गेलात तरी घण मारणाऱ्याची तक्रार नसते. पाणी देताना मात्र सगळं पातं, टोकापासून मुठीच्या दांड्यापर्यंत, ८०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या चिंचोळ्या पट्ट्यात एकसारखं तापलं पाहिजे आणि तिथे काही मिनिटं टिकलं पाहिजे. टोक पातळ, म्हणून ते आधी तापतं आणि आधी बिघडतं. घरी भट्टी बांधणारे बहुतेक जण जाळाच्या मागे लागतात आणि मग पाणी द्यायच्या वेळी तोच जाळ आवरता येत नाही. म्हणून इथली भट्टी मुद्दाम सौम्य ठेवली आहे आणि तिच्या पोटात एक पाईप आहे. पातं त्या पाईपात राहतं, ज्योत बाहेर. खर्चात काटछाट करायचीच असेल तर कुठेही करा, हा पाईप आणि तापमान मोजायचं थर्मोकपल सोडून.

आधी गॅस आणि जागा

घरचा लाल, १४.२ किलोचा सिलिंडर या कामाला लावायचा नाही. तो स्वयंपाकासाठीच दिलेला असतो आणि इतर वापराला नियमाने मनाई आहे. शिवाय घरगुती रेग्युलेटरमधून येणारा दाब जेमतेम ३० मिलिबार. आपला बर्नर स्वतःच्या जोरावर हवा ओढणारा आहे, तो इतक्या दाबावर नीट पेटणार नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. त्यावर काटा असलेला, कमी-जास्त करता येणारा हाय-प्रेशर रेग्युलेटर, आयएसआय छापाची नळी, दोन्ही टोकांना क्लिपा आणि बर्नरजवळ एक बॉल व्हॉल्व्ह.

जागा उघडी हवी. मागचं अंगण, शेतावरची पडवी, तीन बाजूंनी मोकळी शेड चालेल. बंद खोली, तळघर, फ्लॅटची बाल्कनी अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि गटारात, खड्ड्यात साचून राहतो. आणि भट्टीच्या तोंडातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, ज्याला ना रंग ना वास. सिलिंडर उभा, भट्टीपासून निदान तीन मीटर लांब. जवळ ड्राय पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली.

कवच आणि अस्तर

कवचाला दहा इंची एमएस (साध्या पोलादाच्या) पाईपचा ४० सेंटिमीटर लांबीचा तुकडा उत्तम. भंगारवाल्याकडे तो वजनावर मिळतो. नाही मिळाला तर २० लिटरचा पत्र्याचा रिकामा ड्रम, पण आतला रंग आणि तेल आधी पूर्ण काढून टाका. जुना गॅस सिलिंडर कापून कवच करण्याचा मोह टाळा: तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, आणि रिकामा वाटणाऱ्या सिलिंडरला ग्राइंडर लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. गॅल्व्हनाइज्ड पत्राही नको. जस्त तापलं की त्याच्या धुराने थंडीतापासारखा ताप भरतो.

आत सिरॅमिक फायबर ब्लँकेट, म्हणजे उष्णता अडवणारी तंतूंची गादी. २५ मिलिमीटर जाडीचं, १२६० अंशांच्या ग्रेडचं, १२८ किलो प्रति घनमीटर घनतेचं मागा. दोन थर, म्हणजे सगळीकडून ५० मिलिमीटर. फाउंड्रीला माल पुरवणाऱ्या दुकानांत ते मीटरवर कापून मिळतं. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यात किंवा पिंपरी-भोसरीकडे शोधायला फार वणवण करावी लागत नाही. हे ब्लँकेट दिसायला कापसासारखं असलं तरी त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. कापताना एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि ब्लँकेट किंचित ओलं करून कापायचं. उघडं ब्लँकेट तसंच ठेवून भट्टी चालवणारे लोक आहेत; मला ते मान्य नाही. जास्त तापमानात हे तंतू ठिसूळ होतात, त्यांतून क्रिस्टोबलाइट नावाचा सिलिकाचा घातक प्रकार तयार होतो आणि ज्योतीच्या झोताबरोबर तो बाहेर येतो.

म्हणून ब्लँकेट बसवल्यावर त्यावर कलॉइडल सिलिका (तंतू घट्ट धरून ठेवणारं द्रावण) फवारा, वाळू द्या, मग हाय-अॅल्युमिना कास्टेबलचा, म्हणजे जाळ सोसणाऱ्या सिमेंटसारख्या मिश्रणाचा, सात-आठ मिलिमीटरचा लेप हाताने चढवा. मातीच्या चुलीला लेप देताना जो हात चालतो तोच इथे चालतो. लेप झाल्यावर आत साधारण १४ सेंटिमीटरचा पोकळ गाभा उरतो. एक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा, मग सावलीत वाळवा. कोकणात पावसाळ्यात बांधत असाल तर वाळायला दुपटीने वेळ धरा. आत ओल राहिली आणि घाईने जाळ दिला तर वाफेने लेपाचे पोपडे उडतात.

मागचं तोंड इन्सुलेशन विटेने बंद करा. पुढच्या तोंडाला विटा अशा लावा की मधल्या पाईपाभोवती दोन-तीन बोटांची फट राहील. जळालेला वायू तिथूनच बाहेर पडणार आहे. ती फट बुजवली तर ज्योत गुदमरते.

बर्नर

लागतं ते एवढंच: एक इंची बाय पाऊण इंची रिड्युसिंग टी (तीन तोंडांचा, इंग्रजी T आकाराचा पाईपजोड), पाऊण इंची काळा पाईप आणि मिग वेल्डिंगची ०.८ मिलिमीटर वायरची टिप. टीची दोन मोठी तोंडं उघडी राहतात, तिथून हवा आत येते. तिसऱ्या, पाऊण इंची तोंडात १७ ते १९ सेंटिमीटर लांबीचा पाईप. यात गॅस आणि हवा मिसळतात. ही लांबी आतल्या व्यासाच्या आठ-नऊपट असते. फार आखूड केली तर मिश्रण कच्चं राहतं. त्या तोंडाच्या बरोबर समोर, टीच्या पाठीवर भोक पाडून आटे मारायचे आणि पितळी फिटिंगमधून टिप आत सोडायची.

इथे एकच गोष्ट महत्त्वाची. टिपेतून निघणारा गॅसचा झोत पाईपच्या अगदी मध्यरेषेत जायला हवा. हाताने ड्रिल मारून हे जमेल अशी आशा ठेवू नका. जवळच्या लेथवाल्याकडे टी घेऊन जा, त्याचं ते थोड्या वेळाचं काम आहे. झोत जरा तिरका गेला तरी ज्योत एका बाजूला ओढली जाते आणि बर्नर सारखा विझतो.

बर्नर भट्टीत शिरतो तो मागच्या तोंडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, आणि सरळ मध्यावर नेम धरून नव्हे. त्याला वरून एका कडेने घ्या, म्हणजे ज्योत भिंतीला घासून पोटात गोल फिरेल. पाईपचं टोक अस्तराच्या भोकातच थांबवा, आत डोकावू देऊ नका, नाहीतर जळून जाईल. अस्तरातलं भोक आतल्या बाजूला किंचित रुंद करा; ज्योत तिथे धरून राहते.

भात्याऐवजी वापरतात त्या छोट्या विजेच्या ब्लोअरवरही असा बर्नर करता येतो, आणि कमी तापमानावर तो जास्त शांत चालतो. पण मग वीज गेली की हवा थांबते आणि गॅस चालूच राहतो. ब्लोअर लावायचाच असेल तर वीज जाताच गॅस बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह त्याच लाइनवर हवा. भारनियमन ज्याने भोगलंय त्याला हे जास्त समजावायला नको.

पोटातला पाईप

दोन इंची स्टेनलेस स्टीलचा पाईप, भट्टीच्या लांबीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त. ३१० ग्रेड मिळाली तर छानच. ३०४ सुद्धा या तापमानाला बरेच दिवस टिकते. मागचं तोंड वेल्डिंगने बंद करा आणि त्या चकतीत तीन मिलिमीटर जाडीचं के-टाइप थर्मोकपल जाईल एवढं भोक ठेवा. मागच्या विटेतही तसंच भोक. पाईप विटेच्या दोन तुकड्यांवर ठेवा, म्हणजे खालूनही गरम वायू फिरेल. थर्मोकपलचं टोक पात्याच्या टोकाशेजारी येऊ द्या, कारण आपल्याला भीती तिथलीच आहे. आत कोळशाचा छोटा खडा टाकला की तो उरलेला ऑक्सिजन खातो आणि पात्यावर जळक्या लोखंडाची खपली कमी धरते.

पहिला जाळ

सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. एक बुडबुडा दिसला तरी पुढे जायचं नाही. मग क्रम असा: आधी पेटता काकडा भट्टीच्या तोंडात, नंतर बर्नरचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा. उलटं केलं तर पोटात साचलेला गॅस एकदम भडकतो आणि तोंड समोर असेल तर भुवया जातात. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं पेटवा, थंड होऊ द्या, पुन्हा पेटवा. वाफ निघायची थांबली की मग पूर्ण तापवा.

ज्योत वाचायला शिका. फुत्कार टाकणारी, धारदार निळी ज्योत म्हणजे हवा जास्त. पात्यावर खपली धरणार. तोंडातून लांब, लोळणाऱ्या पिवळ्या जिभा म्हणजे गॅस जास्त. आपल्याला या दोहोंच्या मधली, किंचित गॅसकडे झुकलेली हवी. टीच्या उघड्या तोंडांवर पत्र्याची सरकती झाकणं ठेवली की हे सहज जमतं. दाब खाली आणताना बर्नर फटफटून ज्योत पाईपात शिरली तर लगेच गॅस बंद, बर्नर थंड, मग पुन्हा सुरुवात. काम संपलं की आधी सिलिंडर बंद करा, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग बर्नरचा व्हॉल्व्ह.

थर्मोकपल ज्याला जोडलंय त्या मीटरवर डोळे मिटून विश्वास नको. ताडून पाहायला स्वयंपाकघरातलं मीठ पुरे: ते ८०१ अंशांना वितळतं. पोलादाच्या पट्टीवर चिमूटभर मीठ ठेवून पाईपात सरकवा आणि ते पाणी होताना मीटर काय दाखवतो ते लिहून ठेवा. लोहचुंबकाची खूणही प्रसिद्ध आहे, पण पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. पाणी द्यायला त्याच्या वर अजून ३०-५० अंश हवेत. फक्त चुंबकावर भिस्त ठेवणाऱ्यांची पाती बऱ्याचदा अर्धवट कडक होतात.

पाणी देणं

पोलाद माहितीचं घ्या. ईएन ४२, म्हणजे ०.७ ते ०.८५ टक्के कार्बनचं स्प्रिंग स्टील, नवख्यासाठी सगळ्यात समजूतदार: ८०० ते ८२० अंश, पाच मिनिटं. ईएन ३१ हे बेअरिंगचं पोलाद, एक टक्क्याच्या आसपास कार्बन आणि वर क्रोमियम. त्याला ८३०-८४० अंशांवर दहा मिनिटं लागतात, तिथे ही भट्टी कोळशाला खरी मागे टाकते. कोयत्यांसाठी ट्रकचा कमानपाटा सर्रास वापरतात. तो नक्की कुठल्या पोलादाचा हे भंगारात कळत नाही, म्हणून त्याचे छोटे तुकडे ८४०, ८६०, ८८० अंशांवरून थंड करून, मोडून पाहा. मोडलेला भाग राखाडी, रेशमी बारीक कणांचा दिसला की तापमान बरोबर. साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर जास्त झालं.

घडवलेलं पातं आधी तीन वेळा तापवून हवेत थंड करा, दर वेळी तापमान थोडं कमी. याने घणाचे ताण निघतात आणि कण बारीक होतात. धार अजून काढू नका. कडेला निदान एक मिलिमीटर जाडी राहू द्या, नाहीतर ती वाकडी होईल किंवा तडकेल.

तापलेलं पातं साध्या पाण्यात नव्हे, तेलात बुडवायचं. तेल ५० ते ६० अंश गरम. सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं खाद्यतेल चालतं. बाजारात क्वेंचिंग ऑइल, म्हणजे याच कामाचं खास तेल, मिळालं तर अधिक चांगलं. गाडीचं काळं तेल नको, त्याचा धूर विषारी असतो. भांडं धातूचं, उंच, घट्ट झाकणाचं, चार-पाच लिटर तेल मावेल असं, आणि भट्टीच्या तोंडापासून दोन पावलांवर. सांडशीने पातं काढून क्षणभरही न रेंगाळता टोकाकडून सरळ आत बुडवा आणि धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवा. आडवं हलवलं तर ते वाकतं. तेलाने पेट घेतला तर झाकण ठेवा. पाणी कधीही ओतू नका. लोहार कोयत्याची फक्त धार साध्या पाण्यात बुडवतो ते खरं आहे, पण पाण्यात पोलाद फार झपाट्याने थंड होतं. ईएन ३१ तर हमखास तडकेल.

थंड झाल्यावर कानस फिरवा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर पातं कडक झालं. चावली तर आधी वरची खपली काढून पुन्हा पाहा.

लगेच टेम्परिंग

आता पातं काचेइतकं ठिसूळ आहे, हातातून पडलं तर तुकडे. हा ठिसूळपणा घालवायला ते पुन्हा कमी तापमानावर तापवतात, तेच टेम्परिंग. त्याच दिवशी घरच्या ओटीजी ओव्हनमध्ये दोन-दोन तास, दोनदा ठेवा. सुरीला २०० अंश. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग चढतो. कोयता झाडावर आपटणार, त्याला धारेपेक्षा चिवटपणा हवा. २७० ते ३०० अंशांपर्यंत न्या, रंग जांभळा-निळा. बहुतेक ओटीजी २५० अंशांवर थांबतात, तेव्हा हे टेम्परिंग पोटातल्या पाईपातच, बर्नर अगदी मंद ठेवून, अधूनमधून बंद करत, मीटर पाहत करावं लागतं.

कायद्याचं एवढंच: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं, जे घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाचं नाही, ते शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. सुऱ्या, विळ्या, कोयते बनवा. खंजिरांच्या नादी लागू नका.

धार काढल्यावर पितळी सळईवर धार हलकेच दाबून पाहा. दाब देताच धार किंचित वाकून परत सरळ झाली तर काम जमलं. वाकून तशीच राहिली तर पातं मऊ आहे, पुन्हा तापवून पाणी द्यावं लागेल. टवका उडाला तर टेम्परिंग १५ अंश वाढवून आणखी दोन तास करा, आणि धार नव्याने लावून पुन्हा तपासा.